तोतया आणि त्याला ओळखणारे

सन १७८३ मध्ये पार्वतीबाई पेशवे निवर्तल्या. त्यांच्या उत्तरक्रियेच्या वेळीच त्यांचे पती सदाशिवराव भाऊ यांचीही उत्तरक्रिया करण्यात आली. भाऊसाहेब पानिपतावर पडले ते १४ जानेवारी १७६१ रोजी. म्हणजे ज्या घराण्याच्या दारी शेकडो शास्त्री-पंडितांना दक्षिणा मिळे, त्या घराण्यातील एका कर्त्या पुरुषाचे और्ध्वदेहिक बावीस वर्षे थकले होते. ही थकबाकी गरिबीची नव्हती, की अज्ञानाचीही नव्हती. ती एका स्त्रीच्या मनाची होती आणि त्या मनापुढे तीन पेशव्यांच्या कारकिर्दी निमूटपणे मान तुकवून उभ्या राहिल्या.

शास्त्राने अशा प्रसंगाची तरतूद केलेली नव्हती असे मात्र नाही. परागंदा झालेला मनुष्य बारा वर्षे परतला नाही, तर त्याला मृत समजून पळसाच्या तीनशेसाठ पानांची प्रतिमा करावी, तिला अग्नी द्यावा आणि पुढील विधी करावेत, असा पालाशविधी धर्मग्रंथांत सांगितला आहे. इंग्रजांनी पुढे १८७२ च्या पुरावा कायद्यात १०८ व्या कलमाने हीच मुदत सात वर्षांवर आणली. ज्यांना एखाद्याची वार्ता स्वाभाविकपणे कळली असती, अशांना सात वर्षे ती कळली नाही, तर तो जिवंत आहे असे म्हणणाऱ्यानेच ते सिद्ध करावे, असा त्या कलमाचा आशय. २०२३ च्या नव्या कायद्यातही ही तरतूद कायम राहिली आहे. शास्त्र काय किंवा कायदा काय, दोघांचीही दृष्टी एकच: शोकालाही कोठे तरी मुदत घालून दिली पाहिजे. शास्त्राप्रमाणे भाऊसाहेबांची मुदत १७७३ मध्येच संपली होती.

आपणांपैकी जे आस्थापना शाखेत काम करतात, त्यांना हा मुद्दा अधिक विस्ताराने सांगण्याचे कारण नाही. बेपत्ता कर्मचाऱ्याच्या कुटुंबाला निवृत्तिवेतन मिळण्यासाठी पोलिसांकडील तक्रारीची नक्कल, ‘शोध लागला नाही’ असा त्यांचा दाखला आणि कुटुंबाचे हमीपत्र एवढे कागद लागतात. तो मनुष्य पुढे परत आलाच, तर घेतलेली रक्कम परत करू, असे त्या हमीपत्रात लिहून द्यावयाचे असते. माझ्या पाहण्यातील अशा एका प्रकरणात सर्व कागद तयार होते. मुलगा दोनदा येऊन गेला, परंतु आईची सही काही केल्या मिळेना. पैशाची गरज नव्हती असे नाही. ‘परत आलाच तर’ या शब्दांवर तिचा आक्षेप नव्हताच. तिचा आक्षेप होता तो अर्ज करण्यावर. अर्ज केला की आपणच त्याला मारल्यासारखे होईल, असे तिला वाटे. ‘असे काही होत नाही’ हे आम्ही तिला समजावून सांगितले. ते तिला समजलेही. सही मात्र पुढे पुष्कळ महिन्यांनी झाली. भाऊसाहेबांच्या तोतयाची हकीकत वाचताना मला ही बाई नेहमी आठवते, कारण समजणे आणि मानणे या दोन वेगवेगळ्या क्रिया आहेत, हे इतिहासकार पुष्कळदा विसरतात.

आता पुरावा काय होता ते पाहू. लढाईच्या दिवशी दुपारनंतर विश्वासराव गोळी लागून पडले. ते अवघे अठरा वर्षांचे होते. त्यांना पडलेले पाहून भाऊसाहेब हत्तीवरून उतरले, घोड्यावर बसले आणि गर्दीत घुसले, असे सर्व परंपरा सांगतात. सेनापतीची अंबारी रिकामी दिसली, की फौजेचा धीर सुटतो, ही गोष्ट उदगीरच्या विजेत्याला ठाऊक नसेल असे कोण म्हणेल? परंतु त्या घटकेस तो सेनापती राहिला नव्हता, चुलता झाला होता. पुढच्या गोंधळात त्याला पडताना आपल्या बाजूच्या कोणी जाणत्या माणसाने पाहिले, असे खात्रीने सांगता येत नाही. ‘भाऊगर्दी’ हा शब्द आपल्या भाषेत या दिवसापासून रूढ झाला असे सांगतात.

त्यानंतरचा वृत्तान्त काशिराजाच्या बखरीत येतो. हा दक्षिणी ब्राह्मण शुजाउद्दौल्याच्या चाकरीत होता आणि लढाईच्या वेळी शत्रूच्या गोटात हजर होता. त्याने फारसीत लिहिलेल्या हकीकतीचे इंग्रजी भाषांतर अठराव्या शतकाच्या अखेरीसच प्रसिद्ध झाले. विश्वासरावांचे शव सापडले. अफगाण शिपायांच्या हातून ते सोडवून शुजाने त्याला अग्निसंस्कार देवविला. त्यानंतर काही अंतरावर एक शिरविरहित धड मिळाले. त्याच्यापाशी मौल्यवान मोती सापडले. धडावरील खुणांची तपासणी झाली. त्यांत पाठीवरचा एक जुना व्रण होता. मुजफ्फरखान गारद्याने भाऊसाहेबांवर जो वार केला होता, त्याचा तो व्रण. हे धड भाऊसाहेबांचेच, असे ओळखणाऱ्यांनी सांगितले. शिर मात्र मागाहून एका स्वाराकडे मिळाले. त्याने ते लपवून ठेवले होते. त्यालाही अग्नी देण्यात आला.

कोणत्याही न्यायालयात हा पुरावा मान्य झाला असता. परंतु धड एका वेळी व शिर दुसऱ्या वेळी सापडावे, ओळख पटवणारे शत्रूच्या पदरचे असावेत आणि अग्नी देणारे परके असावेत, या तीन फटींतून आशेला आत यायला पुरेशी वाट मिळाली. शिवाय, ही आशा अगदीच निराधार होती असेही म्हणता येत नाही. पानिपतानंतर कित्येक महिने, ज्यांना मेलेले समजून घरच्यांनी आक्रोश केला होता, अशी माणसे लंगडत, फाटक्या वस्त्रांनी, वेष पालटून घरी येत होती. खुद्द नाना फडणीस अंगावरची वस्त्रे टाकून पायी निसटले. त्यांची आई मात्र त्या धामधुमीत गेली, ती गेलीच. महादजी शिंदे पायाला जबर जखम होऊन पडले असता राणेखान भिस्त्याने त्यांना उचलून आणले. सुरजमल जाटाच्या आश्रयाने हजारो जीव वाचले. पार्वतीबाईही त्या उत्पातातून सुखरूप बाहेर पडल्या. उत्तरेतून येणाऱ्या पत्रांत भाऊ जिवंत आहेत, जनकोजी जिवंत आहेत, अमुक ठिकाणी लपून आहेत, अशा बातम्या येत राहिल्या. ज्या घरातील एक मनुष्य असा परत आला, त्या घरातील दुसऱ्याने का येऊ नये? तर्कशास्त्र या प्रश्नाला उत्तर देऊ शकते. परंतु तो प्रश्न तर्कशास्त्राला विचारलेलाच नसतो.

जाता जाता एक लहानशी गोष्ट नोंदवतो. पानिपतावर ‘संक्रांत’ कोसळली असे आपण सर्रास म्हणतो, आणि १४ जानेवारी ही तारीख पाहून ती लढाई संक्रांतीच्या दिवशीच झाली असे पुष्कळ सुशिक्षित लोकही मानतात. वास्तविक अयनगतीमुळे त्या काळी संक्रांत जानेवारीच्या दहा-अकरा तारखेच्या सुमारास पडत असे. लढाईचा दिवस पौष शुद्ध अष्टमीचा, बुधवारचा. हे गणित अवघड नाही, परंतु ते सांगितले तर ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर किंचित नाराजी उमटते, असा माझा अनुभव आहे. त्या दुःखाला त्याचा सण हवा असतो.

लढाईची बातमी कळल्यानंतर नानासाहेब पेशवे फार दिवस जगले नाहीत. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर त्यांचा अंत झाला. गादीवर आलेल्या माधवरावांच्या वाट्याला निजाम, हैदर आणि चुलते रघुनाथराव आले, तसा हा तोतयाही आला. उत्तरेकडे एक मनुष्य आपण सदाशिवराव भाऊ आहोत असे सांगत फिरू लागला. पुढे सिद्ध झाले त्याप्रमाणे तो कनोजा ब्राह्मण होता. कोणी त्याचे नाव सुखलाल देतात, कोणी सुखनिधान. १७६५ च्या सुमारास त्याला पकडून आणून पुण्यास त्याची चौकशी झाली, तो तोतया ठरला, आणि त्याला कैदेत टाकण्यात आले. तो अखेर रत्नागिरीच्या किल्ल्यात येऊन पडला.

माधवरावांसारख्या करड्या न्यायाच्या पुरुषाने त्याला जिवंत का ठेवले, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. ब्रह्महत्येचा संकोच हे एक कारण असावे. परंतु मला वाटते, त्याहून निराळेही एक कारण असू शकेल. ज्या वाड्यात एक स्त्री सौभाग्यलेणी लेऊन वावरत आहे, त्या वाड्याच्या धन्याने भाऊसाहेबांच्या नावाच्या मनुष्याला सुळी द्यावे, मग ते नाव खोटे का असेना, हे त्या तरुण पेशव्याला जड गेले असेल. हा माझा तर्क आहे, यापेक्षा अधिक मोल त्याला देऊ नये. परिणाम मात्र स्पष्ट आहे. प्रकरण निकालात निघाले, पण बंद झाले नाही. असे अर्धवट मिटलेले प्रकरण किती वर्षांनी आणि कोणाच्या हातून पुन्हा टेबलावर येईल याचा नेम नसतो, हे आपल्या खात्यातील मंडळींना सांगायला नको.

ते आले १७७६ मध्ये. मधल्या काळात काय घडले होते ते ध्यानात घेतल्याशिवाय त्या वर्षाच्या वेडाचा उलगडा होत नाही. माधवराव १७७२ मध्ये क्षयाने गेले. नारायणरावाचा ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात खून झाला. गरोदर गंगाबाईला पुरंदरावर नेण्यात आले तेव्हा तिच्या सोबतीला पार्वतीबाईच होत्या. १८ एप्रिल १७७४ रोजी सवाई माधवराव जन्मले, आणि चाळीस दिवसांच्या बालकाच्या नावे बारभाईंचा कारभार सुरू झाला. रघुनाथराव इंग्रजांकडे गेले, १७७५ च्या मार्चमध्ये सुरतेचा तह झाला, लढाई जुंपली, १७७६ च्या १ मार्चला पुरंदरचा तह होऊन ती थांबली, पण मुंबईकरांना तो तह मनातून मान्य नव्हता. म्हणजे राज्याला धनी पाहिजे होता, आणि जे दोन धनी होते त्यांतला एक पाळण्यात होता, तर दुसऱ्याच्या अंगावर पुतण्याच्या रक्ताचे शिंतोडे होते. अशा वेळी, भाऊसाहेब असते तर ते शेहेचाळीस वर्षांचे असते.

रत्नागिरीचा सुभेदार रामचंद्र नाईक परांजपे याने तोतयाला कैदेतून काढून त्याला भाऊसाहेब म्हणून उभे केले. बघता बघता कोकणातले किल्ले त्याच्या हाती येऊ लागले. ग्रँट डफ त्याच्याभोवती जमलेल्या लोकांची संख्या २०,००० देतो. हा जमाव बोरघाटापर्यंत चढून आला आणि राजमाचीपाशी येऊन थडकला. पुणे तेथून किती दूर! दादासाहेबांच्या पक्षाला ही गडबड सोयीचीच होती, आणि मुंबईचे इंग्रज तिच्याकडे डोळे लावून बसले होते.

या वीस हजारांत सगळेच भोळे नव्हते. सुभेदार परांजप्याने जे केले ते भावनेच्या भरात केले असे मानण्याइतके आपणही भोळे होऊ नये. बंडात लूट मिळते, किल्ल्यावरची थकलेली रोजमुरे चुकती होण्याची आशा असते, जुन्या हेव्यादाव्यांचा हिशेब करता येतो. परंतु अशा लोकांच्या स्वार्थाला जे भांडवल लागते, ते भोळ्या लोकांकडूनच गोळा करावे लागते. तोतयाजवळ स्वतःचे असे काय होते? ना घराणे, ना खजिना, ना पराक्रम. त्याच्याजवळ पानिपतच्या रात्री घरोघर विझलेल्या दिव्यांची ठेव होती. कोकणपट्टीतील आणि देशावरील ज्या घरांतून कोणी ना कोणी त्या मोहिमेवर गेले होते आणि परतले नव्हते, त्या प्रत्येक घराला भाऊसाहेब परत येण्यात एक खाजगी हितसंबंध होता. भाऊसाहेब पंधरा वर्षांनी परत येऊ शकतात, तर आपला मनुष्यही येऊ शकेल. तोतयाला पाहायला येणारा माणूस भाऊसाहेबांचा चेहरा पाहायला येत नव्हता. त्याच्या मनात निराळाच चेहरा असे.

म्हणूनच तोतयाच्या विरुद्ध केलेला प्रत्येक युक्तिवाद त्याच्या भक्तांच्या हाती जाऊन त्याच्याच बाजूचा होई. चेहरा जुळत नाही? पंधरा वर्षांच्या हालअपेष्टांनी कोणाचा चेहरा पालटत नाही! जुन्या गोष्टी आठवत नाहीत? डोक्याला जखमा झालेल्या माणसाला काय काय आठवावे! एकदा चौकशी होऊन तो खोटा ठरला होता? तेव्हा सत्ता ज्यांच्या हाती होती, त्यांना भाऊसाहेब परत यायला नकोच होते! या शेवटच्या उत्तराला प्रत्युत्तर नाही. ज्या पुराव्याने मत खोडले जावे, त्याच पुराव्याने ते पक्के व्हावे, अशी व्यवस्था एकदा मनाने करून घेतली, की मग कागद वाढतात आणि निर्णय जागच्या जागी राहतो. मराठीत ‘विश्वास पानिपतच्या लढाईत गेला’ अशी एक कडवट कोटी आहे. १७७६ चे कोकण पाहिले, तर गेला तो विश्वास नव्हे, विवेक, असेच म्हणावेसे वाटते.

हे बंड महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी मोडले. तोतया समुद्राकडे पळाला आणि रघूजी आंगऱ्यांच्या हाती सापडला; त्यांनी त्याला पुण्याच्या हवाली केले. पुण्यास भाऊसाहेबांना ओळखणाऱ्या लोकांसमोर पुन्हा त्याची उघड चौकशी झाली आणि १७७६ च्या डिसेंबरात त्याला देहान्त शासन देण्यात आले. अकरा वर्षांपूर्वी जो संकोच वाटला होता, तो या वेळी कोणाला वाटला नाही.

महादजींनी हे बंड मोडावे याला मी फार महत्त्व देतो. स्वतः पानिपतावरून ‘परत आलेला’ मनुष्य, मेलेला माणूस परत येऊ शकतो याचा चालताबोलता पुरावा. परंतु परत येण्याची किंमत काय असते, हे त्याच्या अधू पायाला रोज कळत होते. आणि चौकशीच्या पाठीशी उभे असलेले नाना? त्यांच्याहून अधिक आशेचा अधिकार कोणाला होता? भाऊसाहेबांच्या लोभात वाढलेला तो मनुष्य. त्याची आई त्याच रणधुमाळीत नाहीशी झालेली. एकदा ‘पानिपतावर गेलेले परत येतात’ हे मान्य केले असते, तर त्यांच्या दारीही एखादी वृद्धा येऊन उभी राहू शकली असती. नानांना आपण कारस्थानी, थंड रक्ताचा मुत्सद्दी म्हणून ओळखतो. या एका प्रकरणात मला तो थंडपणा फार महाग दराने विकत घेतलेला वाटतो.

राहता राहिल्या पार्वतीबाई. लोकांची सर्वसाधारण समजूत अशी, की तोतयाचे खूळ माजायला त्यांचे कुंकूच कारण झाले. प्रत्यक्ष पत्नी जर स्वतःला सौभाग्यवती समजते, तर इतरांनी का समजू नये, असे लोक म्हणत असले पाहिजेत, हे उघड आहे. परंतु येथे तारखांकडे पाहावे. तोतयाला १७७६ च्या अखेरीस मारण्यात आले. पार्वतीबाई त्यानंतर जवळजवळ सात वर्षे जगल्या, आणि त्यांनी सौभाग्यलेणी उतरवली नाहीत. तो मनुष्य आपला पती आहे असे त्यांना मनापासून वाटले असते, तर त्या दिवशी त्या विधवा झाल्या असत्या. त्या झाल्या नाहीत. याचा अर्थ एवढाच होऊ शकतो, की वीस हजारांना जो भाऊसाहेब वाटला, तो भाऊसाहेबांच्या पत्नीला भाऊसाहेब वाटला नाही. सगळ्यांत अधिक आशा जिच्या मनात होती, तिने त्या आशेला वाटेल ते खाद्य घातले नाही. तिची आशा तर्काला सोडून होती, यात शंका नाही. शास्त्राची बारा वर्षेही तिने ओलांडली. परंतु ती तिच्या कपाळापुरती होती. तिने तिच्यासाठी कोणाला किल्ले घ्यायला लावले नाहीत.

या ठिकाणी रशियाच्या इतिहासातील अशाच एका प्रकरणाची आठवण होते. झार इव्हानचा धाकटा मुलगा दिमित्री १५९१ मध्ये उग्लिच येथे वयाच्या आठव्या वर्षी मेला. चौकशीसाठी गेलेल्या वासिली शुइस्कीने तो अपघात ठरवला. १६०५ मध्ये एक तरुण आपण तोच दिमित्री असे सांगत मॉस्कोत येऊन झार झाला. त्याला दिमित्रीच्या जन्मदात्या आईने आपला मुलगा म्हणून ओळखले. वर्षभरात त्याचा खून झाला, तेव्हा त्याच आईने तो आपला मुलगा नव्हता असे सांगितले. शुइस्की त्या खुनाच्या कटाचा सूत्रधार. आता तो स्वतः झार झाला आणि दिमित्रीचा बालपणीच खून झाला होता, असे म्हणू लागला. मग दुसरा तोतया निघाला, आणि पहिल्याची विधवा मरिना हिने त्याला आपला पती म्हणून ओळखले! या बायकांना दोष देणे सोपे आहे. त्यांच्यावर कोणते दडपण होते ते आपण जाणतो. परंतु त्यांच्याशेजारी पार्वतीबाईंना उभे केले, म्हणजे त्यांच्या न बोलण्याची उंची कळते.

तर्काची बाजू घेणाऱ्यांनी फार फुशारून जाऊ नये, म्हणून बंगालमधील एक खटलाही सांगितला पाहिजे. भावालच्या जमीनदार घराण्यातील मधला कुमार रमेंद्रनारायण राय १९०९ मध्ये दार्जिलिंगला वारला, त्याला अग्नी दिला, असे सर्वत्र जाहीर झाले. १९२१ मध्ये ढाक्यास एक संन्यासी आला आणि लोक म्हणू लागले, हाच कुमार. बहिणीने त्याला ओळखले. पत्नीने शेवटपर्यंत ओळखले नाही. रयतेने आनंदोत्सव केला, सरकारने त्याला तोतया ठरवले. सुशिक्षितांनी काय म्हटले असेल ते सांगायला नकोच. आपण त्या काळी असतो तर आपणही तेच म्हटले असते. पुढे दिवाणी दावा झाला. दोन्ही पक्षांचे मिळून हजारांवर साक्षीदार तपासले गेले. न्यायाधीश पन्नालाल बसू यांनी १९३६ मध्ये निकाल दिला, की हा संन्यासी म्हणजेच कुमार. १९४० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने आणि १९४६ मध्ये लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने तो कायम केला. त्या अखेरच्या निकालानंतर थोड्याच दिवसांत कुमार मरण पावला. अडाणी रयतेचे अंतःकरण या वेळी सरकारी दप्तरापेक्षा बरोबर ठरले. मात्र ते बरोबर होते हे सिद्ध करायला शेवटी लागल्या त्या खुणा, हस्ताक्षर, पावसाची वेळ आणि उलटतपासणी. पन्नालाल बसूंना रयत रडली म्हणून निकाल द्यावा लागला नाही.

आपल्या काळातील उदाहरण नेताजींचे. १८ ऑगस्ट १९४५ रोजी तैहोकूच्या विमान अपघातात त्यांचे निधन झाले, या वृत्ताची चौकशी स्वतंत्र भारताच्या सरकारला तीन वेळा करावी लागली. १९५६ च्या शाहनवाज समितीने बहुमताने ते वृत्त मान्य केले. वेगळे मत देणारे सदस्य होते सुरेशचंद्र बोस, नेताजींचे थोरले बंधू. १९७० मध्ये नेमलेल्या खोसला आयोगाने पुन्हा तोच निर्णय दिला. १९९९ मध्ये नेमलेल्या मुखर्जी आयोगाने अपघातात मृत्यू झाला नाही असे म्हटले, आणि २००६ मध्ये सरकारने तो निष्कर्ष स्वीकारला नाही. या वादातील कागदांचा निवाडा करण्याचे हे स्थळ नव्हे. मला त्या पहिल्या समितीची रचना तेवढी विचार करायला लावते. बंधूला न्यायाधीशांच्या रांगेत बसवताना सरकारचा हेतू लोकांचे समाधान व्हावे हाच असणार. परंतु भावाचे समाधान झाले नाही, आणि मग लोकांचे व्हायला काही कारणच उरले नाही. पुण्याच्या कारभाऱ्यांनी पार्वतीबाईंना कधी पंचांत बसवले नाही. त्यात दया होती की शहाणपण, कोण जाणे, दोन्ही असावीत.

आपणांपैकी जे दिल्लीत किंवा चंदीगडकडे नोकरीनिमित्त आहेत, त्यांनी पानिपतचा काला आम बहुधा पाहिला असेल. तेथून पुढे रोहतक जिल्ह्यात सांघी नावाचे गाव आहे. भाऊसाहेब रणांगणातून जखमी स्थितीत निसटून तेथे आले, नाथपंथी साधू होऊन राहिले, अशी त्या गावची परंपरा आहे, आणि तेथील डेऱ्याशी ती निगडित आहे. त्या गावकऱ्यांना कोकणातल्या तोतयाशी, बारभाईंशी किंवा पेशवाईच्या वारशाशी काही कर्तव्य नव्हते. हरलेल्या सेनापतीला आश्रय दिला असे सांगण्यात त्यांचा लाभही कोणता होता? काशिराजाच्या बखरीपुढे ही परंपरा टिकत नाही, हे मला माहीत आहे. मराठी यात्रेकरू तेथे जातात, त्यांनाही बहुधा ते माहीत असते. ते डेऱ्यात जातात, माथा टेकतात, आणि संध्याकाळच्या गाडीने परत येतात.